मुलांच्या किडनीचे आजार आणि शरीरातल्या संरक्षक पेशी : मराठवाड्यातल्या पालकांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

लेकराला ‘नेफ्रोटिक’ (लघवीतून प्रथिनं गळून अंग सुजण्याचा आजार) झालंय किंवा ‘किडनीला सूज आहे’ असं सांगितलं की घरातले सगळे आधी मीठ-पाण्याचं विचारतात. खरा प्रश्न मात्र मनात अडकलेला असतो: किडनी कायमची जाणार का? शरीराच्या संरक्षक पेशी (रक्तातल्या पांढऱ्या पेशी) नेमकं काय करतायत, यावर त्याचं उत्तर बरंचसं अवलंबून असतं. म्हणून इथे भर त्यावरच आहे. औषधाचा डोस मात्र तुमच्या डॉक्टरांनी ठरवायचा, या पानावरून नाही.

सकाळी लेकराचे डोळे सुजलेले असतात आणि दुपारपर्यंत उतरतात. हा डोळ्यांचाच आजार ना?

बहुतेकांना तसंच वाटतं. मग दोन-तीन आठवडे डोळ्यांत थेंब आणि अ‍ॅलर्जीची गोळी चालते. रात्रभर आडवं झोपल्यावर अंगातलं जास्तीचं पाणी पापण्यांखालच्या सैल कातडीत साचतं. मूल दिवसभर उभं राहिलं, खेळलं की ते खाली उतरतं, म्हणून संध्याकाळी पाय जड दिसतात. पुढे पोट फुगतं आणि मुलग्यांमध्ये वृषणाची पिशवीही सुजते. दोन्ही डोळे रोज सकाळी सुजत असतील तर आधी लघवी तपासा. स्वस्त तपासणी आहे, मिनिटभरात होते आणि पुढची सगळी दिशा तिच्यावरच ठरते.

किडनीत नेमकं बिघडतं काय?

प्रत्येक किडनीत सुमारे 10 लाख सूक्ष्म गाळण्या असतात. गाळणीच्या बाहेरच्या थरात पोडोसाइट नावाच्या पेशी असतात. बोटांत बोटं गुंफावीत तसे त्यांचे पाय एकमेकांत अडकलेले असतात आणि मधल्या फटींवर नेफ्रिन नावाच्या प्रथिनाचा पडदा असतो. नेफ्रोटिक सिंड्रोममध्ये हे पाय चपटे होतात, पडदा विस्कटतो आणि रक्तातलं अल्ब्युमिन हे प्रथिन लघवीत वाहून जातं. रक्तातलं अल्ब्युमिन दर 100 मिलिलिटरला साधारण 3.5 ते 5 ग्रॅम असायला हवं, ते 3 च्या खाली येतं. त्यामुळे पाणी रक्तवाहिन्यांबाहेर झिरपतं, किडनी मीठ धरून ठेवते आणि सूज येते. यकृत घाईघाईने भरपाई करायला जातं, त्यात कोलेस्टेरॉलही वाढतं. दोन-चार वर्षांच्या पोराच्या रिपोर्टवर वाढलेलं कोलेस्टेरॉल पाहून आजोबा चकित होतात, पण त्याचा तेल-तुपाशी काही संबंध नसतो.

हा आजार बहुधा 2 ते 6 वर्षांच्या वयात सुरू होतो आणि मुलग्यांमध्ये जास्त दिसतो. बहुतेकांची गाळणी साध्या सूक्ष्मदर्शकाखाली अगदी ठाकठीक दिसते. पायांचा चपटेपणा फक्त इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकालाच दिसतो. म्हणूनच या प्रकाराला ‘मिनिमल चेंज’ म्हणतात.

यात संरक्षक पेशींचा काय संबंध? किडनीत जंतू शिरलाय का?

जंतू शिरलेला नाही. या आजाराची सगळ्यात चमत्कारिक गोष्टही हीच आहे: गाळणी बिघडलेली आहे, पण तिथे ना जंतू सापडतो, ना पांढऱ्या पेशींची गर्दी.

1974 साली शॅलूब या डॉक्टरांनी ‘लॅन्सेट’ नियतकालिकात एक तर्क मांडला. गोवर आल्यावर काही मुलांचा नेफ्रोटिक आपोआप उतरतो, आणि गोवर टी पेशींना (संरक्षक पेशींची एक जात) दाबतो. टी पेशींना आवरणाऱ्या स्टेरॉइड आणि सायक्लोफॉस्फामाइड या औषधांनी आजार बरा होतो. हॉजकिन या लसिकाग्रंथींच्या कर्करोगातही हाच आजार दिसतो. यावरून त्यांनी म्हटलं की बिघाड टी पेशींत असावा आणि त्या दुरूनच रक्तात असं काही सोडत असाव्यात, ज्याने गाळणी सैल पडते. तो पदार्थ शोधण्यात पुढची अनेक दशकं गेली.

मधेच गोष्टीने वळण घेतलं. रिटक्सिमॅब हे औषध टी पेशींना हात लावत नाही, ते बी पेशींना (संरक्षक पेशींची दुसरी जात) संपवतं. 2004 मध्ये एका मुलाला ते रक्ताच्या वेगळ्याच आजारासाठी दिलं आणि त्याचा नेफ्रोटिक शांत झाला. पुढे 2014 मध्ये जपानमधल्या चाचणीने दाखवलं की वारंवार आजार उलटणाऱ्या मुलांना त्याचा खरोखर उपयोग होतो. बी पेशी अँटिबॉडी (जंतूंना चिकटणारी प्रथिनं) बनवतात. मग या आजारात कुठली तरी अँटिबॉडी असणार, असा अंदाज बळावला.

ती बऱ्याच अंशी सापडली. 2022 आणि 2024 च्या अभ्यासांत अनेक रुग्णांच्या रक्तात थेट नेफ्रिनविरुद्धच्या अँटिबॉडी आढळल्या. 2024 च्या युरोपीय अभ्यासात अशा मुलांपैकी निम्म्याहून थोड्या अधिक जणांत त्या होत्या. आजार जोरात असताना आणि प्रतिकारशक्ती दाबणारं औषध चालू नसताना पाहिलं तर दहातल्या नऊ जणांत. आजार उतरला की अँटिबॉडीही उतरते. प्रत्येक मुलात मात्र ती सापडत नाही. माझ्या मते टी पेशींचा जुना तर्क त्यामुळे खोटा ठरत नाही, कारण बी पेशींना अँटिबॉडी बनवायला चिथावणाऱ्या आणि आवरणाऱ्याही टी पेशीच असतात.

म्हणजे संरक्षक पेशी किडनीत शिरतच नाहीत?

मिनिमल चेंजमध्ये शिरत नाहीत, म्हणून तिथे व्रण राहत नाही. दुसऱ्या काही आजारांत मात्र त्या आत घुसतात.

आपल्याकडे नेहमी दिसणारं उदाहरण म्हणजे स्ट्रेप्टोकोकस जंतूनंतरचं ‘नेफ्रायटिस’. मुलाला खरूज होते, ती खाजवून चिघळते, पायावर पू भरलेले फोड येतात आणि तीन ते सहा आठवड्यांनी लघवी लालसर-तपकिरी होते, चेहरा सुजतो, बीपी चढतं. घसा दुखला असेल तर हे एक-दोन आठवड्यांतच होतं. इथे अँटिबॉडी आणि जंतूचे तुकडे यांची गुठळी गाळणीत अडकते, कॉम्प्लिमेंट नावाची रक्तातली साखळी पेटते आणि न्यूट्रोफिल या संरक्षक पेशी थेट गाळणीत शिरतात. त्या साखळीतलं सी3 हे प्रथिन रक्तात खाली जातं आणि साधारण सहा ते आठ आठवड्यांत परत वर येतं. वर आलं नाही तर आजार वेगळा असण्याची शंका घ्यावी लागते. चित्र भयंकर दिसलं तरी बहुतेक मुलं यातून पूर्ण बरी होतात, कारण पेशी येतात तशा निघूनही जातात.

ल्युपस आणि आयजीए नेफ्रोपथी या प्रतिकारशक्तीच्या बिघाडाच्या आजारांत मात्र त्या वर्षानुवर्षं ये-जा करत राहतात आणि मागे व्रण सोडतात.

‘आजार पुढे सरकतोय’ असं डॉक्टर म्हणतात, तेव्हा आत काय चाललेलं असतं?

इथून पुढे पेशींची जात वेगळी. मॅक्रोफेज या पेशी एरवी सफाई करतात: मेलेल्या पेशी उचलतात, जखम भरून आणतात. न्यूट्रोफिलनंतर त्या आल्या आणि काम आटोपून गेल्या तर किडनी सावरते. पण दुखापत थांबलीच नाही तर त्या मुक्काम ठोकतात.

दुखापत न थांबण्याची कारणं अनेक. प्रथिनं महिनोन्‌महिने गळत राहिली की ती पुढच्या नलिकांमधल्या पेशींना त्रास देतात. त्रासलेल्या पेशी रसायनं सोडून मॅक्रोफेज आणि टी पेशींना बोलावतात. मॅक्रोफेजमधून टीजीएफ-बीटासारखे संदेश सुटतात, त्यांनी तंतू विणणाऱ्या पेशी जाग्या होतात आणि नलिकांच्या मधल्या जागेत कोलॅजन साचतं. तोच व्रण. त्या जागेतल्या बारीक रक्तवाहिन्या दबतात, आजूबाजूच्या नलिकांना प्राणवायू कमी पडतो, त्या मरतात आणि पुन्हा नव्या पेशी बोलावल्या जातात. सुरुवात कशाने झाली होती हे तोवर गौण झालेलं असतं.

त्यात पोडोसाइट विभागून नवी तयार होत नाही. ठरावीक संख्येपेक्षा जास्त गळून पडल्या की त्या भागात गाळणीला व्रण पडतो. बायोप्सीत (किडनीचा बारीक तुकडा काढून केलेल्या तपासणीत) ‘एफएसजीएस’ लिहून येतं ते हेच. उरलेल्या गाळण्यांवर जादा भार येतो आणि त्याही थकतात.

पॅथॉलॉजिस्ट बायोप्सी पाहताना गाळण्यांइतकंच लक्ष नलिकांच्या मधल्या जागेकडे देतात. तिथे किती व्रण आहे यावरून किडनीचं भवितव्य गाळण्यांपेक्षाही जास्त चांगलं कळतं. म्हणून रिपोर्टमध्ये ‘इंटरस्टिशियल फायब्रोसिस’ समोर किती टक्के लिहिलंय, हे डॉक्टरांना जरूर विचारा. सुजेवरून हे काहीच समजत नाही. फुगून टम्म झालेल्या मुलाच्या किडनीत एकही व्रण नसू शकतो, आणि अजिबात सूज नसलेल्या मुलाची किडनी निम्मी गेलेली असू शकते.

सगळेच किडनीचे आजार प्रतिकारशक्तीमुळे होतात का?

नाही. किडनी निकामी होणाऱ्या मुलांपैकी मोठ्या गटात जन्मापासूनचा रचनेतला दोष असतो: लघवीच्या मार्गात पडदा, लघवी उलटी वर चढणं, लहान किडनी. धार बारीक पडणारा किंवा थेंबथेंब लघवी करणारा मुलगा तातडीने दाखवावा. मात्र या मुलांतही शेवटी व्रण वाढवणारे मॅक्रोफेजच असतात.

आमच्या पोराचा आजार दर दोन-चार महिन्यांनी उलटतो. किडनी जाणार का?

दर वेळी स्टेरॉइडने लघवीतली प्रथिनं पूर्ण थांबत असतील तर बहुधा नाही. नेफ्रोटिकच्या दहा मुलांपैकी साडेआठ-नऊ मुलांना स्टेरॉइड लागू पडतं. त्यांच्यापैकी बहुतेकांचा आजार निदान एकदा तरी उलटतो आणि साधारण निम्म्यांचा वारंवार. उलटणं म्हणजे व्रण पडणं नव्हे. सर्दी-पडसं झालं की संरक्षक पेशी जाग्या होतात आणि त्या गडबडीत आजारही जागा होतो, म्हणून पावसाळ्यात आणि थंडीत फाइली जाड होतात. या मुलांना खरा त्रास आजारापेक्षा औषधांच्या परिणामांचा आणि जंतुसंसर्गाचा होतो.

स्टेरॉइड किती दिवस? सूज तर आठवड्यात उतरली.

सूज उतरली म्हणजे पेशी शांत झाल्या असं नाही. पहिल्या वेळी भारतातली नेहमीची पद्धत अशी: प्रेडनिसोलोन वजनाच्या दर किलोला 2 मिलिग्रॅम, रोज, सहा आठवडे. मग दीड मिलिग्रॅम, एक दिवसाआड, आणखी सहा आठवडे. मोठ्या मुलांसाठी कमाल मर्यादा असते. उलटल्यावर कोर्स यापेक्षा छोटा असतो.

मधेच एकदम बंद करू नका. बाहेरून गोळी मिळत असताना शरीराचं स्वतःचं स्टेरॉइड बनवणाऱ्या मुलाच्या अ‍ॅड्रिनल ग्रंथी आपलं काम थांबवतात. अचानक गोळी तुटली की ताप-जुलाबाच्या वेळी मूल कोसळू शकतं. गाल फुगणं, भूक वाढणं, चिडचिड, हे पुढे उतरतं. उंची, बीपी आणि डोळ्यातला मोतीबिंदू यांवर मात्र लक्ष ठेवावं लागतं. वारंवार लागत असेल तर स्टेरॉइड कमी करायला दुसरी औषधं आहेत: लेव्हामिसोल (मूळचं जंताचं औषध, पण संरक्षक पेशींना वळण लावतं), मायकोफेनोलेट, सायक्लोफॉस्फामाइड, रिटक्सिमॅब. गावातलं कोणी ‘स्टेरॉइड वाईट’ म्हणालं म्हणून गोळ्या नाल्यात टाकणारी घरं आहेत. या आजारात त्याची किंमत मूल मोजतं.

सहा आठवडे देऊनही प्रथिनं थांबली नाहीत तर?

मग याला ‘स्टेरॉइड रेझिस्टंट’ म्हणतात, आणि प्रश्नच बदलतो. आता बायोप्सी आणि शक्य असल्यास जनुकांची तपासणी करतात. यातल्या बऱ्याच मुलांमध्ये, काही ठिकाणी जवळपास तीस टक्क्यांपर्यंत, गाळणीचं एखादं जनुकच सदोष असतं. नेफ्रिनचं जनुक 1998 मध्ये फिनलंडच्या बाळांच्या अभ्यासातून सापडलं, तेव्हापासून ही यादी वाढतेच आहे. अशा मुलांत संरक्षक पेशी निर्दोष असतात. त्यांना दाबून फायदा नाही, उलट जंतुसंसर्ग ओढवतो.

आपल्याकडे मामाच्या मुलीशी किंवा भाचीशी लग्नाची रीत काही घरांत अजून आहे. आईबाप दोघांकडून तेच सदोष जनुक येण्याची शक्यता अशा नात्यात वाढते. डॉक्टरांनी नातं विचारलं तर ते दोष द्यायला विचारत नाहीत. खरं सांगा, निदान लवकर होतं.

जनुक निर्दोष निघालं तर टॅक्रोलिमस किंवा सायक्लोस्पोरिन देतात. ही औषधं टी पेशींना आवरतात आणि पोडोसाइटच्या सांगाड्यालाही थेट आधार देतात. सोबत बीपीची ‘एनालाप्रिल’ जातीची गोळी असते. बीपी नसलेल्या मुलालाही ती देतात, कारण गाळणीतला दाब आणि गळणारी प्रथिनं कमी होतात, आणि व्रणाची साखळी मंदावते.

किडनी बदलल्यावरची गोष्ट विलक्षण आहे. जनुकाचा दोष असलेल्यांत आजार नव्या किडनीत सहसा परतत नाही. पण कारण न कळलेल्या एफएसजीएसमध्ये कधीकधी नवी किडनी बसवल्यावर काही तासांत प्रथिनं गळू लागतात. रक्तात काहीतरी होतंच, याचा इतका उघड पुरावा दुसरा नाही.

बायोप्सीने किडनी खराब होते का?

नाही. सुईने काडीच्या टोकाएवढा तुकडा काढतात. दिवसभर पडून राहावं लागतं, लघवीत थोडं रक्त दिसू शकतं. साध्या, स्टेरॉइडला दाद देणाऱ्या नेफ्रोटिकमध्ये ती बहुधा लागतच नाही.

लघवीची पट्टी रोज विकत कशी आणायची?

रोज पट्टीच हवी असं नाही. सकाळची पहिली लघवी काचनळीत घेऊन वरचा भाग तापवा. पांढरी गढूळ झाली तर पांढऱ्या व्हिनेगरचे दोन-चार थेंब टाका. तरीही गढूळच राहिली तर प्रथिनं आहेत. सल्फोसॅलिसिलिक आम्लाच्या द्रावणाचे थेंब टाकून तर तापवण्याचीही गरज नाही. नर्सकडून एकदा हाताने करून शिकून घ्या. वहीत तारीख, रिझल्ट, गोळीचा डोस लिहा. सलग तीन दिवस 3+ किंवा 4+ (म्हणजे भरपूर प्रथिनं) आलं म्हणजे आजार उलटला. सूज येण्याआधी हे कळतं, आणि तेव्हाच औषध सुरू झालं तर दवाखान्यात भरती टळते.

आम्ही ऊसतोडीला जातो. सहा महिने दवाखाना कसा गाठायचा?

बीड, धारूर, वडवणी, गंगाखेड, पाथरीकडच्या कुटुंबांना हा खरा अडसर आहे, आणि अर्ध्यावर उपचार सुटण्याचं मोठं कारणही. दिवाळीआधी शेवटची भेट घ्या आणि डॉक्टरांना स्पष्ट सांगा की आता थेट उन्हाळ्यातच येणं होईल. गोळ्या जास्त दिवसांच्या मागून घ्या. निदान, सध्याचा डोस आणि उलटल्यास काय सुरू करायचं, हे एका कागदावर लिहून घ्या, मोबाइलमध्ये फोटो ठेवा. कारखान्याजवळच्या तालुक्यातल्या डॉक्टरला तो कागद पुरतो. काचनळी आणि स्पिरिटचा दिवा कोपीतही ठेवता येतो. शक्य असेल तर लेकराला आजीजवळ ठेवा, पण वहीचं काम आजीला नाही तर थोरल्या भावंडाला शिकवून जा. मुकादमाची उचल फेडताना पोराची गोळी चुकते, हे मान्य. कोणी खडसावलं तर खडसावू द्या, पण औषध तुटलं असेल तर तसं सांगा. लपवलं की डॉक्टरला वाटतं औषध लागूच पडत नाही, आणि मग उगाच पुढची जड औषधं सुरू होतात.

मीठ, पाणी, डाळ?

सूज असेतो पापड, लोणचं, खारे शेंगदाणे, फरसाण, कुरकुरे बंद. ठेचा वेगळा, बिनमिठाचा काढा. भाकरीत मीठ घालत असाल तर थांबवा. वरण, अंडी, दूध नेहमीसारखं चालू द्या. प्रथिनं गळतायत म्हणून दुप्पट देऊ नका आणि किडनीचा आजार म्हणून बंदही करू नका. किडनीचं काम कमी झालेल्या मुलाचं पथ्य वेगळं असतं. पाणी डॉक्टरांनी सांगितलं तरच मोजा. सूज उतरल्यावर वर्षभर अळणी खाऊ घालण्यात अर्थ नाही.

प्रतिकारशक्ती वाढवणारा काढा दिला तर?

या मुलांची प्रतिकारशक्ती कमी पडलेली नाही, ती चुकीच्या जागी चाललेली आहे. ती ‘वाढवून’ काय साधायचं? काही भस्मांत आणि गोरं करणाऱ्या काही क्रीममध्ये पारा आढळला आहे, आणि पाऱ्याने स्वतःच नेफ्रोटिक होतो. घरात कोणी अशी क्रीम लावत असेल तर तेही डॉक्टरांना सांगा.

लसी द्यायच्या की नाही?

निर्जीव लसी वेळेवर द्या. न्यूमोकोकसची अगदी आग्रहाने, फ्लूची दरवर्षी. जिवंत विषाणूंच्या लसी, म्हणजे गोवर-रुबेला आणि कांजिण्यांची, जास्त डोस चालू असताना थांबवतात आणि डॉक्टर सांगतील तेव्हा देतात. शेजारी कोणाला कांजिण्या आल्या आणि मूल त्यांच्याजवळ खेळलं असेल तर त्याच दिवशी फोन करा, पुरळ यायची वाट पाहू नका.

रात्रीच गाडी करून कधी निघायचं?

पोटात जोराची कळ आणि ताप (पोटातल्या पाण्यात जंतू झालेला असू शकतो). एकच पाय अचानक सुजून दुखणं, धाप लागणं किंवा जोराची डोकेदुखी (रक्ताची गुठळी, या आजारात रक्त लवकर गोठतं). फेफरं. दिवसभर लघवी न होणं. उलट्यांमुळे स्टेरॉइडची गोळी पोटात न टिकणं.

दाखवायचं कुठे? पैसे?

पहिला टप्पा जवळचं ग्रामीण किंवा जिल्हा रुग्णालय. पुढे छत्रपती संभाजीनगरची घाटी, अंबाजोगाई, लातूर, नांदेडची शासकीय वैद्यकीय महाविद्यालयं. फक्त मुलांच्या किडनीचे तज्ज्ञ गाठायला मात्र पुष्कळांना पुणे, मुंबई किंवा हैदराबादची वाट धरावी लागते. आधी इथे निदान पक्कं करून, कागद घेऊन जा. अंगणवाडीत आणि शाळेत तपासणीला येणाऱ्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य पथकाला मूल दाखवलं तर पुढे पाठवण्याची सोय तेही करतात. महात्मा फुले जनआरोग्य योजनेत कुठले उपचार बसतात ते रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला विचारा, रेशनकार्ड सोबत ठेवा.

शाळेत पाठवावं का?

हो. खेळूही द्या. गुरुजींना एवढंच सांगा की वर्गात कांजिण्या आल्या तर कळवायचं, आणि फुगलेल्या गालांवरून कोणी चिडवू नये.

मोठेपणी हा आजार जातो का?

स्टेरॉइडला दाद देणाऱ्या बहुतेक मुलांत वय वाढेल तसं उलटणं विरळ होतं आणि किशोरवयापर्यंत थांबतं. काहींचं मोठेपणीही चालू राहतं. अठरा वर्षांनंतर मोठ्यांच्या किडनीतज्ज्ञाकडे जाताना जुन्या फाइलमधली तीन पानं हरवू देऊ नका: पहिलं निदान, बायोप्सीचा रिपोर्ट आणि सायक्लोफॉस्फामाइड दिलं असेल तर त्याचा एकूण डोस. त्या औषधाला आयुष्यभराची मर्यादा असते, आणि ती आधीच गाठली आहे का हे नव्या डॉक्टरला त्या कागदाशिवाय कळणार नाही.